द्वारका अजून बसस्थानकावर

६ नोव्हेंबर, गुरुवार

कुसुम विनायक गंधेवार, तुझ्या गोष्टीच्या खोलीत मी कोजागिरीनंतर दर गुरुवारी जातो आहे. हे तुला कळवण्याचे दुसरे साधन नसल्यामुळे येथे लिहितो.

रशीदभाईंच्या गॅरेजवरची खोली तशीच आहे. खालून ग्रीसचा वास येतो. मधूनच एखादे इंजिन चालू करून पाहतात आणि तेवढा वेळ वर कोणालाच बोलता येत नाही. श्रावणात तू गेल्यावर गोष्टीला येणाऱ्या बायका पांगल्या. उरल्या तीन. अंगणवाडीच्या इंदूताई, रशीदभाईंची पत्नी जुबेदाभाभी, आणि तांड्यावरून येणाऱ्या शेवंताबाई राठोड.

तुझा नियम त्या अजून पाळतात. गोष्ट कागदावर उतरवायची नाही. दर गुरुवारी एकीने आतापर्यंतची सगळी गोष्ट तोंडी सांगायची, म्हणजे 'मागचं सांगायचं', आणि मग सर्वांनी मिळून पुढे न्यायची. आज पाळी इंदूताईंची होती. मागचे सांगून झाले. पुढे कोणी गेले नाही.

माझी आता गोष्ट पाठ झाली आहे. द्वारका, कळंबची. अंगणवाडीत मदतनीस (हे इंदूताईंनी दिले). घरी शिलाई मशीन (हे भाभींनी). मेलेली बहीण (हे शेवंताबाईंनी). बहिणीच्या मुलीला, बेबीला, द्वारकाने तान्हेपणापासून वाढवले. मुलगी तिलाच आई समजते. बाप वणीजवळ राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला गेला, तिकडेच दुसरे लग्न केले, आणि आता मुलीला न्यायला आला आहे. तो वणीच्या बसमध्ये खिडकीशी जागा धरून बसला आहे. खाली द्वारका उभी. एका हातात बेबीचा हात, दुसऱ्यात तिची पिशवी.

येथे तू थांबलीस. पुढच्या गुरुवारी तुला नागपूरला दवाखान्यात न्यावे लागले.

जिना उतरताना रशीदभाईंनी थांबवले. कापडाला हात पुसत म्हणाले, "सर, बुरा नका मानू. पोराचं निकाह ठरलं. वरची खोली लागन." डिसेंबर लागला की रंगारी येणार आहेत. मी म्हणालो, अवश्य. ते म्हणाले, "तवरक तुमची गोष्ट होऊनच जाईन ना."

म्हणजे हा महिना आहे. तुझी गोष्ट त्या खोलीतच पुरी झाली पाहिजे. याहून अधिक काही मला तुझ्यासाठी करता येण्यासारखे उरलेले नाही.

७ नोव्हेंबर

सकाळी टेबलाशी बसून मांडणी केली. कनिष्ठ महाविद्यालयात जे शिकवले तेच. पात्र घडते ते संघर्षाने. बाह्य संघर्ष (यापुढे बा. सं.): बाप परत आला आहे, बस सुटणार आहे. आंतरिक संघर्ष (आं. सं.): द्वारकाला मुलगी हवी आहे ती मुलीसाठी, की स्वतःचे रिकामेपण भरण्यासाठी? बा. सं. हा आं. सं. ला उघडे पाडतो. पात्र निर्णय घेते. निर्णयाची किंमत मोजते, आणि त्या मोजण्यातून वाढते.

येथून शेवट एकच संभवतो. द्वारका मुलीला खरे सांगते आणि स्वतःच्या हाताने बसमध्ये बसवते.

निर्दोष मांडणी आहे. तू असतीस तर चष्म्यावरून बघून म्हणाली असतीस, "तुमची पात्रं फार शिकतात हो. नापास कोणी होतच नाही." हे तू पुष्कळदा म्हणालेली आहेस. त्यावर माझे उत्तर तयार असे. आज उत्तर तयार होते, ते द्यायला कोणी नव्हते.

दुपारी वरण केले. खाली लागले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तिघीही आल्या. इंदूताईंनी अंगणवाडीचा जुना फळा आणून ठेवला होता. त्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूस बा. सं., दुसऱ्या बाजूस आं. सं. समजावून सांगितले. त्यांनी फार शिस्तीने ऐकले. मग इंदूताई म्हणाल्या,

"सर, द्वारका बारावीले बसून राह्यली का?"

भाभी पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो असे वाटते. खात्री नाही.

मी विचारले, या क्षणी द्वारकाच्या मनात काय चालले असेल? भाभी म्हणाल्या, बाप कसाही असला तरी बाप है, त्याला एकदम हाकलून देता येत नाही, हे तिच्या मनात असणार. इंदूताईंचे मत त्याला बसमधून खाली ओढून चार लोकांसमोर विचारावे असे. दोघींची जुंपली. भाभी इंदूताईंना म्हणाल्या की तू तर अंगणवाडीतही पोरांना दटावूनच खिचडी खाऊ घालतेस. बराच वेळ खिचडीवरच गेला.

 शेवंताबाईंना मुद्दाम विचारले. त्या म्हणाल्या, "मनात काहून ठेवील सर? मोठ्यानं रडन ना ते."

त्यांनी सांगितले ते असे. तांड्यात बाया भेटताना किंवा निरोप देताना एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. रडता रडताच सगळे सांगतात. काय झाले, कोण गेले, कोणाचा राग आहे, कोणाची माया आहे. आत ठेवायचे असे काही उरत नाही. मी म्हणालो, मग तेथे आं. सं. राहणारच नाही. त्या फळ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "नाही राहत, तर नाही राहत."

इंजिन सुरू झाले. सर्वांनी थांबून ते बंद होण्याची वाट पाहिली. नंतर उशीर झाला म्हणून उठल्या.

१५ नोव्हेंबर

बसस्थानकावर जाऊन बसलो. प्रत्यक्ष स्थळ पाहिल्याशिवाय प्रसंगावर बोलू नये असे विद्यार्थ्यांना सांगत असे.

शनिवार. चिंतामणीच्या दर्शनाहून परतणारी मंडळी, नारळाच्या शेंड्या, केळ्यांची साले. वणीकडे जाणारी बस आली. खिडकीशी कोण बसले ते पाहिले: एक म्हातारी, दोन महाविद्यालयीन मुले, मोबाइलवर मोठ्याने बोलणारा मनुष्य. यांपैकी कोणीही बाप होऊ शकला असता. खाली उभे राहणाऱ्यांत द्वारका एकही नव्हती. मी होतो.

वाहकाने दारातून विचारले, "बसाचं का बाबाजी?" नाही म्हणालो. घंटी दिली. बस गेली.

याच फलाटावरून आपण नागपूरला जात असू. तू दर वेळी खिडकी मागायचीस आणि वडकी येण्याआधी, नव्हे, ती दुसरी वाट. चुकले. नागपूरच्या वाटेवर तू कोठे झोपी जायचीस ते आठवत नाही. खूप वेळ आठवून पाहिले.

माझ्यावर बा. सं. कोसळला, हे कोणीही मान्य करील. शास्त्राप्रमाणे आत काही हलायला हवे होते. बाकावर बसून तपासले. आत काही हलत नाही. पूर्वी होतो तोच मनुष्य आहे, फक्त एकटा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शेवंताबाई कापूस वेचायला गेल्या. दोघीच आल्या. मागचे भाभींनी सांगितले. त्यांच्या सांगण्यात बाप जरा भला होतो. बसमधून उतरून पाण्याची बाटली आणतो.

बाटली आणून दिल्यावर भाभी थांबल्या आणि दोघींनी माझ्याकडे पाहिले. त्या दर वेळी अशाच पाहतात. आज प्रथमच लक्षात आले की त्या काहीतरी मिळण्याची वाट पाहत आहेत.

मी विचारले, पुढे?

इंदूताई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा ना आता सर. किती दिवस मागचंच सांगाचं आम्ही. ताईनं घरी सांगितलंच असन तुमाले."

काय सांगितले असेल?

"शेवट."

मी म्हणालो, कुसुमने गोष्टीतले अवाक्षर कधी घरी सांगितले नाही. विचारले की म्हणायची, गोष्ट खोलीत राहते. मी स्वतः येथे येतो तो शेवट तुम्हा तिघींपैकी कोणाला तरी ठाऊक असेल म्हणून. त्या दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. भाभींनी हळूच म्हटले, "या अल्ला."

दीड महिना होत आला. त्यांना वाटले, सर दुःखात आहेत, आपण होऊन सांगतील तेव्हा सांगतील. विचारणे बरे दिसत नाही. मला वाटले, बायका संकोचतात, मागचे सांगता सांगता एक दिवस पुढचे सांगतील. असे आम्ही दर गुरुवारी एकमेकांचा मान राखत बसलो.

जाताना इंदूताईंनी आणखी एक सांगितले. तू संघर्ष हा शब्द कधी उच्चारला नाहीस. दर गुरुवारी एवढाच प्रश्न असायचा: "द्वारका आता कोणाले भेते?" जिला जे सुचेल ते ती सांगायची. त्यातून गोष्ट सरकायची. कधी ती सासऱ्याला भ्यायची, कधी अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला, एकदा म्हणे पूर्ण गुरुवार ती फक्त विंचवाला भ्याली.

२१ नोव्हेंबर

कोणालाच माहीत नाही. हे वाक्य सकाळपासून चार ठिकाणी लिहून पाहिले. येथे हे पाचवे.

तुझा प्रश्न बरोबर आहे. बा. सं. आणि आं. सं. या दोन्ही रकान्यांपेक्षा बरोबर आहे. बापाला भिणे हा बाहेरचा, मुलगी खरे ऐकून आपल्याला काय म्हणेल हा आतला; तुझ्या एका प्रश्नात दोन्ही येतात आणि फळा लागत नाही.

स्वतःस विचारला. विनायक गंधेवार आता कोणास भितो? तू आजारी होतीस तोवर यादी मोठी होती. डॉक्टरांचा चेहरा, फोनची घंटी, तुझे गप्प राहणे. आता एकही नाव सुचत नाही. ज्याला गमावण्याची भीती उरली नाही त्याच्यासमोर कोणताच संघर्ष उभा करता येत नाही. त्याचे पात्र होत नाही. त्याला गोष्टीत फार तर बाकावर बसवता येईल.

२४ नोव्हेंबर

नियम मोडून शेवट लिहून काढला. कोणास ठाऊक नसेल तर कोणीतरी करावाच लागेल, आणि खोलीला एकच गुरुवार उरला आहे.

"द्वारकाने मुलीसमोर गुडघे टेकले. इतकी वर्षे जे ओठांआड राहिले ते शब्द आज तिने उच्चारले. मुलीचा हात सोडताना तिला जाणवले, की धरून ठेवणे म्हणजे प्रेम नव्हे."

लिहिताना एकदाही थांबावे लागले नाही. ही चांगली खूण नव्हे. परीक्षक म्हणून मी यास उत्तम गुण दिले असते. वाचक म्हणून पान उलटले असते.

तरीही स्वच्छ प्रत केली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तिघीही आल्या. शेवंताबाईंच्या बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. मी उभा राहून वाचले. कोणी मध्ये बोलले नाही, खिचडीसुद्धा निघाली नाही. वाचून झाल्यावर इंदूताई म्हणाल्या, "चांगलं झालं सर." शाळेच्या समारंभात पाहुण्यांना म्हणावे तसे.

भाभी म्हणाल्या, "बुरा नका मानू. पण हे द्वारकानं नाही केलं सर. हे तुम्ही केलं."

मी विचारले, का?

"ते येवढी शहाणी कवा झाली? कालपरवातक तर पिशवीत पोरीचा फ्रॉक टाकला का नाही, याच्यातच होती ते."

मी म्हणालो, संघर्षातून मनुष्य शहाणा होतो. गोष्टीचा अर्थच तो. इंदूताई म्हणाल्या, "होते ना सर. पण लागते की जरासा वेळ. तुम्ही घंटी वाजाच्या आतच करून टाकलं."  कागद दुमडून खिशात ठेवला.

मी सांगितले की हा शेवटचा गुरुवार आहे. गोष्ट अपुरी राहील. त्याबद्दल मी दिलगीर आहे. असेच म्हणालो, दिलगीर. बाया उठू लागल्या, पण शेवंताबाई बसून राहिल्या.

"सर, बाईसाठी रडायचं राहून गेलं माह्यावालं."

तू गेल्यावर त्या मला भेटायला आपल्या घरी आल्या होत्या. सर्व लोक सतरंजीवर खाली मान घालून बसले होते. "सारे गुपचूप. मंग मीबी गुपचूप बसली न् निंगून गेली." ते तेव्हापासून तसेच आहे म्हणाल्या. येथे, बाईच्या खोलीत, केले तर चालेल का? खोली गेली की मग कोठे करणार?

मी म्हणालो, अवश्य.

गळ्यात पडायला तुझे माहेरचे कोणी नव्हते. त्यांनी जुबेदाभाभींच्या गळ्यात हात टाकले. भाभी आधी संकोचल्या, मग त्यांनीही धरले. शेवंताबाईंनी डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि सुरू केले. ते रडणे होते आणि गाणेही होते. एक ओळ वर चढायची, तुटायची, पुन्हा खालून उचलली जायची. तांड्याची बोली मला येत नाही. इतकी वर्षे त्यांची मुले माझ्यासमोर बाकांवर बसली, तरी एक 'याडी' म्हणजे आई, याखेरीज काही येत नाही. तो शब्द आला. तुझे नाव आले. मग स्पष्टपणे 'द्वारका' आले. मग 'बेबी'. मग पुन्हा 'द्वारका', आणि त्यानंतर बराच वेळ एक लांब ओळ, जिच्यात ओळखीचे काहीही नव्हते.

खाली इंजिन चालू होते ते कोणीतरी बंद केले.

मी स्टुलावर ताठ बसलो होतो. मला वाटले, आता मलाही येईल. जागा, वेळ, कारण, सर्व अनुकूल होते. आले नाही. इंदूताई माझ्या वतीने रडत असल्यासारख्या माझ्याकडे पाहून रडत होत्या.

थांबल्यावर शेवंताबाईंनी पदराने तोंड पुसले, पाणी प्यायल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या की गाडी निघून जाईल, येते. मी जिन्यापर्यंत गेलो. विचारले, तुम्ही द्वारकाचे पुढे काहीतरी सांगितले. काय सांगितले?

"ते बाईले सांगितलं सर."

मलाही सांगा.

त्यांनी खरोखर विचार केला. टाळले नाही. मग म्हणाल्या, "रडण्यातलं परत सांगता नाही येत. मले आता आठवतच नाही. ते तवाच राह्यते."

आणि खाली उतरून गेल्या.

२८ नोव्हेंबर

म्हणजे शेवट झाला असावा. कदाचित. माझ्यासमोर, दिवसाढवळ्या, मोठ्या आवाजात. तुला सांगून झाला. तू ऐकला असशील यावर माझा विश्वास नाही. असता तर सोयीचे झाले असते.

भाषा जाणणारे गावात पुष्कळ आहेत, माझेच विद्यार्थी आहेत. पण त्यांना ऐकवणार काय? ध्वनिमुद्रण केले नाही. केले असते तरी चालले नसते.

१ डिसेंबर

इंदूताई रस्त्यात भेटल्या. शेवंताबाई फुलसावंगीकडे बहिणीच्या गावी वेचणीला गेल्या, संक्रांतीपर्यंत येत नाहीत. त्यांचा नंबर हवा का विचारले. घेतला. लावला नाही.

इंदूताईंना एक बरे सुचले आहे. अंगणवाडीत गुरुवारी दुपारनंतर जागा मोकळी असते. त्या म्हणाल्या, "तिथं बसू ना सर. द्वारकाले तिथं आणू." मी म्हणालो, पाहू. त्यांना कळले की मी येणार नाही. तरी म्हणाल्या की सतरंजी त्या घेऊन जातील. कोणी आले तर आले.

मला असे लिहावेसे वाटते की या सर्वातून मी काही शिकलो. तसे लिहिले तर ते परवाच्या कागदासारखे होईल.

४ डिसेंबर, गुरुवार

खोली आवरायला गेलो. सतरंजी आणि फळा इंदूताई आधीच घेऊन गेल्या होत्या. उरलेले फार नव्हते. तुझी पाण्याची सुरई रशीदभाईंनी मागून घेतली. सून येईल तिला होईल म्हणाले. खिडकीवर तू चिकटवलेला कागद सोलून काढला, खाली काच जराशी पिवळी राहिली.

भाभी चहा घेऊन वर आल्या. पायरीवर बसल्या. मी उभाच होतो. लग्नाचे बोलत होत्या. मुलगी पुसदची, शिकलेली, यांच्या मुलापेक्षा चार पुस्तके जास्तच, आता घरात मराठी तिचीच चालणार आणि आम्ही गप बसणार. मग एकाएकी म्हणाल्या,

"सर, त्या दिवशी शेवंता काय बोलली, मलेही नाही समजलं. पण मी तिच्या गळ्यात होती. ते 'बेबी' म्हणली ना, तवा तिचा हात घट्ट झाला. इथं, माह्या पाठीवर."

मी विचारले, घट्ट म्हणजे कसा? धरून ठेवल्यासारखा, की निरोप देताना धरतात तसा?

भाभींनी डोळे मिटून आठवून पाहिले. स्वतःच्या दंडावर हात ठेवून एकदा दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला.

"दोन्ही तसेच राह्यते ना सर," त्या म्हणाल्या.

चहा संपवला. कप त्यांच्याकडे दिला. खाली रंगाऱ्यांचे डबे येऊन पडले होते, रशीदभाई त्यांना वरची वाट दाखवायला थांबले होते. खिडकी लावून घेतली. दाराला कुलूप लावले आणि ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या रशीदभाईंना परत केल्या.